आरशामागची किटली

शेफील्डच्या चढावरच्या त्या क्लिनिकात
एका भिंतीला आरसा आहे.
इकडून आरसा, तिकडून खिडकी.
तिकडे अंधारात बसते मॉरीन, माझी सुपरवायझर,
आणि माझ्यासारखेच चौघे शिकाऊ,
वह्या मांडीवर, बिस्किटं न वाजवता चावायची.

इकडे मी.
समोर लिबान, वय वर्षं नऊ,
त्याची आई होदान, कोट न काढता बसलेली,
आणि दुभाषे इद्रिसभाई,
ज्यांना आज अजून दोन दवाखाने गाठायचेत.

शाळेच्या पत्रात: बोलत नाही. नजर देत नाही.
दुसऱ्या वाक्याखाली कुणीतरी दोनदा रेघ मारलेली.

गेल्या मंगळवारी मी टिपणात लिहिलं होतं,
जरा ऐटीतच,
'आपल्याकडे मुलं मोठ्यांसमोर मान खाली घालतात.
याला आजार म्हणू नये.'
मॉरीननं हिरव्या पेनानं एकाच शब्दाभोवती गोल काढला: आपल्याकडे.
समासात फक्त, 'कुणाकडे?'

हिला काय कळणार, असं मी पुटपुटलेही.
पण हिल्सबरोपर्यंत ट्राममध्ये तो प्रश्न शेजारी बसून आला,
तिकीट न काढता.
सोमालियाबद्दल मला ठाऊक काय,
तर एका दुपारच्या कार्यशाळेतल्या अकरा स्लाइड्स.
रंग माझाही गव्हाळ,
एवढ्या भांडवलावर मी त्यांच्या घरची झाले होते.

आज मध्येच भिंतीवरचा फोन वाजतो.
मॉरीन: 'त्यालाच विचार ना.'

विचारते. इद्रिसभाई तोंड उघडायच्या आत
लिबान, इथल्या पोरांच्या अस्सल हेलातल्या इंग्रजीत,
आपल्या बुटांना सांगतो:
'त्या काचेत कुणीतरी आहे. मघाशी खोकलं.'

संस्कृती नव्हती. आजारही नव्हता.
खोकला होता, आमच्या कॉलमचा.
संमतीच्या अर्जावर आईची सही होती.
त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

मॉरीन पलीकडचा दिवा लावते.
पाच माणसं, ओशाळलेली,
एक किटली, फाडलेला बिस्किटांचा पुडा.
लिबान काचेला नाक लावून मोजतो.
होदान हसते. मग कोट काढते.

मग आम्ही कागद पसरून त्यांचं घराणं काढायला घेतो.
पुरुष चौकोन, बायका गोल,
हा नियम कुणी केला ठाऊक नाही.
होदान एका गोलावर बोट ठेवते: हबरयार.
इद्रिसभाई म्हणतात, आँट.
पुढच्या गोलावर: एद्दो.
इद्रिसभाई, पुन्हा, आँट.
'थांबा. या दोघी एकच नव्हेत ना?'
एक आईची बहीण, एक बापाची.
सात वर्षं इथले अर्ज भरताना
मीही मावशी नि आत्याला एकाच रकान्यात कोंबत आले.

हबरयार म्हणजे धाकटी आई,
इद्रिसभाई घड्याळ विसरून सांगतात.
माय मरो पण मावशी जगो, माझ्या ओठांवर येतं.
गिळते. आत्ता नको. आधी त्यांचं.

ती नैरोबीत. तिनंच वाढवलं याला, सहा वर्षं.
फेब्रुवारीपासून तिचा फोन लागत नाही.
मी शाळेचं पत्र पुन्हा उघडते.
'बोलत नाही'च्या पुढे बारीक अक्षरात
महिना दिलेला होता की.

खोलीत कुणीच काही लिहीत नाही.

लिबान आत आलेल्या मॉरीनकडे हिरवं पेन मागतो.
मावशीच्या गोलाभोवती दुसरा गोल, मग तिसरा,
आणि कागदाच्या पार कडेला
काचेमागचे पाचजण.
मग थेट माझ्याकडे बघून विचारतो,
किटली चौकोन, की गोल?