काळी कडा

तेलावीच्या थंड तळघरात
म्झेविनार बाटली पुसते,
पिल्लांच्या खुराड्यातला दिवा
मागे टांगते.
मध्ये न्हाणीचा पडदा,
त्यावरचे निळे मासे सुरीने खरवडलेले.
एक राहिलाय, शेपटीपुरता.

काचेवर उजेड टाकायचा नसतो,
हे तिला तिसऱ्या रात्री कळलं.
उजेड पडद्याला द्यायचा,
काच आपली आपण दिसते.

पण कडा विरघळत होत्या.
मग दोन्ही बाजूंना
बुटांच्या खोक्याची झाकणं उभी केली, काजळी फासून,
आणि बाटलीला अंग आलं.

वाइन जर्दाळूच्या रंगाची.
वाख्तांगनं भरलेली शेवटची.

कॅमेऱ्यामागे ती, अजून सुतकाच्या काळ्या कपड्यांत,
म्हणून काचेत उमटत नाही.
शेपूट तेवढी दिसते,
वाइनमधून हिरवट झालेली.