खालच्या कप्प्यात

भटूनं जळगावहून आणली तीन पाकिटं,
मळलेल्या कणकेची, विटेसारखी कडक,
थर्माकोलच्या डब्यात, वर्तमानपत्रात गुंडाळून,
जशी आजाऱ्याची औषधं आणावीत.
म्हणाला, आखाजीला पिठाला हात लावू नकोस.
हात लावू नकोस.

ह्या हातांनी बावीस वर्षं अमळनेरात
लग्नाघरचे मांडे केले मी.
कणीक मुठींवर फिरवायची, कोपरापर्यंत उतरू द्यायची,
पलीकडचा माणूस दिसायला लागला
की खापरावर टाकायची.
आता उजव्या मनगटात पोलादी पट्टी आहे
आणि सहा स्क्रू. डॉक्टरनं मोजून सांगितले,
आहेराचे रुपये मोजावेत तसे.

पण कणीक कुणीही मळो,
तिची नाडी मला कळते.
सुनेला म्हटलं, बर्फाच्या कप्प्यात टाक,
आधी वर तारीख लिही.
हर्षदानं पोराच्या स्केचपेननं लिहिली. जांभळी.

आखाजीच्या आदल्या सांजेला
तिनं दोन पाकिटं ओट्यावर काढली.
सकाळपर्यंत सुटतील, म्हणाली.
बाहेर चव्वेचाळीस. आमच्या ओट्याचा कडप्पा
रात्री अकरालाही पोळतो.
बाई गं, अशी सुटत नाही ती,
वरून चिकट होते, आतून वीटच राहते,
आणि त्या वरच्या चिकटात काय काय जागं होतं
ते डोळ्यांना दिसत नाही,
दुपारी पोटाला कळतं.
फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेव, ताटलीत, रात्रभर.
एवढा वेळ?
एवढा वेळ.

तिनं एक ठेवलं.
दुसरं राहिलं, डाळीच्या पातेल्यामागं.

दोन वाजता लाइट गेली.
गल्लीतले सगळे कूलर एकदम गप्प झाले
आणि कुणाचं तरी पोर रडायला लागलं.
हर्षदा अंधारात फ्रिजकडे धावली.
उघडू नको! मी खाटेवरून ओरडले,
आहे तेवढी थंडी आत राहू दे.
मग आम्ही दोघी पंखे हलवत बसलो,
ती पुठ्ठ्याचा, मी पदराचा.

साडेपाचला लाइट आली.
बर्फाच्या कप्प्यातलं चाचपलं: कडा ओल्या,
पोटात अजून बर्फ कडकड. राहू दे त्याला.
खालच्या कप्प्यातलं: गार, नरम,
बोट रुतलं, खळगा हळूच भरून आला.
पातेल्यामागचं: टम्म,
बँडवाल्याच्या गालासारखं.
फोडलं तर आंबूस वास,
रंग राखेकडे झुकलेला.

पुन्हा बर्फात टाकू का, हर्षदा म्हणाली,
पंच्याऐंशी रुपयांचं आहे.
गोठलं म्हणजे ते झोपतं, मरत नाही गं.
मग दारातल्या गायीला?
तिलाही पोट आहे.
गयं ते, म्हटलं, आते फेकी दे.
मी रागावले की अहिराणीत बोलते,
घाबरले तरी.

भटू अंघोळीला गेला तेव्हा
मी गोळा उजव्याच हातात घेतला.
गारवा थेट पट्टीपर्यंत गेला,
पोलादाला आधी कळला, मग मला.
मुठीवर ठेवून ओढून पाहिलं.
वीतभर आली. तुटली.
खापर हिला माहीत नाही, ही पोळपाटाची.
बरं. पोळपाट तर पोळपाट.
पुरण माझंच होतं,
आणि लाटणं हर्षदाकडे.

दहाला शिरपूरच्या गाडीनं लेक आली,
घामानं भिजलेली, तोंडभर गाणी.
रसात बुडवून पहिला घास घेतला,
थांबली.
ह्या तुझ्या हाताच्या नाहीत.
नाहीत, मी म्हटलं,
आणि दुसरी वाढली.