सगळं नीट आहे

बोटीत थोरा ड्रेव्हर नेहमी एकाच जागी बसते:
डावीकडून दुसरं बाक, दार ढकललं की संडास.
वेस्ट्रे ते कर्कवॉल, दीड तास.
या बेटांवर कुठल्या दाराला कडी लागते, कुठल्या नाही,
हे तिला पोस्टमनपेक्षा पाठ.

चौदा वर्षं.
लग्नं, दफनं, शाळेतली नाटकं,
सगळीकडे ती मागच्या रांगेत, कोट अंगावरच.

औषध आदल्या रात्री प्यायचं म्हणून मावसबहिणीकडे मुक्काम.
रूनाच्या घरी पाच माणसं आणि एकच न्हाणीघर.
लिंबाच्या वासाचं खारट पाणी, दर पाव तासाला एक पेला.
समुद्राकाठी जन्म गेला, पण तो प्यावा लागेल
असं कुणी सांगितलं नव्हतं.
रूनाचा धाकटा दाराबाहेरून विचारतो,
"मावशी, तू आत राहायलाच आलीस का?"
ती हसते. हसणंही जपून.

रात्री दोनला, गार फरशीवर पाठ टेकून,
तिला आई आठवते,
जिने सगळं पोटात ठेवलं,
शेवटी गाठसुद्धा.

सकाळी मागून उघडा झगा. कुशीवर, गुडघे पोटाशी.
गुंगीचं औषध तिने अर्धंच मागितलं,
संध्याकाळची बोट गाठायची होती.
डॉक्टर ॲबर्डीनहून आलेले, बोलणं कमी, हात गार.
पडद्यावर ती स्वतः:
गुलाबी, ओली, कड्यांमागून कडी.
कारखान्यात ती दिवसाला तीनशे खेकडे उघडते,
कवचाखाली काय ठेवायचं, काय फेकायचं,
डोळे मिटून सांगेल.
स्वतःचं आतून कधी पाहिलं नव्हतं.
इतकं स्वच्छ! तिला उगाच ओशाळल्यासारखं झालं,
तक्रार करावी आणि पाहुण्यांना घर आवरलेलंच दिसावं, तसं.

मग पहिलं वळण. हवा भरली
आणि तिच्या तोंडून जो आवाज निघाला
तो बाळंतपणातही निघाला नव्हता.
डेव्हिना नर्सने हात पुढे केला.
थोराने तो धक्क्यावरचा दोर धरावा तसा धरला.
"इथे बहुतेकांना नुसता दाब जाणवतो," डॉक्टर म्हणाले,
आणि थांबले.
खरंच थांबले.

नंतर चहा, लोणी लावलेला टोस्ट.
असा टोस्ट जगात झाला नसेल.
"सगळं नीट आहे. गाठ नाही, जखम नाही, सूज नाही."
रूना रडली. थोराने मान हलवली
आणि आत काहीतरी खचलं,
कारण ती, देवा क्षमा कर, गाठीचीच वाट पाहत होती,
एखादी लहानशी, निरुपद्रवी,
कापून बरणीत ठेवता येईल अशी,
लोकांना दाखवायला.

"मग दुखतं ते?"
"दुखतं ते खरंच दुखतं.
तुमच्या आतड्याला जरा जास्त ऐकू येतं."

परतीच्या बोटीत हे एकच वाक्य ती चघळत राहिली.
घरी स्किपर आहे, म्हातारा कुत्रा, एका डोळ्याने अधू.
बोट बेटाआड असतानाच तो उठून दाराशी जातो,
कुणाच्या कानी काही पडायच्या आधी.
त्याला कुणी वेडा म्हणत नाही.
म्हणतात, बोट येतेय, किटली ठेवा.

ईडे मागे पडलं तशी पहिली कळ आली.
ओळखीची. रिकाम्या पोटातही वाट न चुकलेली.
ती उठली, दार ढकललं, कडी लावली.
बाहेर कुणीतरी उद्याच्या वाऱ्याबद्दल बोलत होतं.