सहावी फेरी

धाराशिवच्या धावपट्टीला लागून पत्र्याचं शेड आहे,
तिथं माझी मशीन. पायाची.
आधी फॉल-पिको करायचे, शाळेचे गणवेश,
लग्नसराईत ब्लाउज, आणि बाह्यांवरून भांडणं.
आता चार छत्र्या शिवते.
एकेकीला सात कप्पे, कापड असं
की फुंकर मारली तर जराशीच आरपार जावी.

विश्वंभर तौर, नाझनीन पटेल,
केजची किरणबाला,
आणि मुरूमचा तो अबोल बिराजदार.
चौघांना एकमेकांची वजनं तोंडपाठ.
"नाझ, ती दुसरी भाकर ठेव खाली,
तू जड झालीस की सगळी उतरंड बिघडती."

पहाटे कारखान्याचं धुराडं बघतात.
धूर सरळ उभा असला तर विमान निघतं.
वाकला, तर चहा.

खेळ सांगते, मला कळला तसा.
उडी मारली की लगेच छत्री उघडायची,
मग हवेत एकमेकांना शोधायचं.
वरच्यानं खालच्याची छत्री धरायची
हातानं नाही, पायानं,
दोऱ्यांत पाऊल खुपसून,
घाईत वहाण चढवावी तसं.
चौघं एकावर एक.
मग सगळ्यात वरचा आपणहून सुटतो,
कडेनं घसरत खाली येतो
आणि तळाला जोडून घेतो.
झाली एक फेरी.
आता जो वर उरला, त्यानं सुटायचं.
दीड मिनिटात होतील तेवढ्या.

हे मी आमच्या सरपंचाला सांगितलं.
तो सुपारी कातरायचा थांबला.
"वरचा आपणहून खाली येतो?
कामून?"

त्या मंगळवारी गळ्यात टेप तसाच ठेवून
मी धावपट्टीच्या कडेला उभी होते. पाच मोजल्या.
सहाव्याला बिराजदार खालून जोडायला आला,
हातभर जास्तच वेगानं,
आणि त्याची लाल छत्री
नाझनीनच्या अंगाभोवती गुंडाळली गेली.
वायरलेसवर तिचा आवाज, अगदी साधा,
दिवे गेल्यावर घरात बोलतो तसा:
"मला काही दिसत नाही."
मग त्या अबोलाचा एकच शब्द:
"सोडतो."

कळ ओढली त्यानं. खाली निघाला.
एक.
दोन.
तीन म्हणताना जीभ टाळूला चिकटली
आणि पांढरी उघडली.
ती राखीव. तिची घडी माझी नसते,
तिला परवान्याचा माणूस येतो.
त्या माणसाचं तोंड मी नीट बघितलेलंही नाही.

वर नाझनीननं कापड अंगावरून सोलून काढलं.
लाल छत्री एकटीच तेरकडं गेली,
कुणाचं वजन नसलेली, लहरी.

तीन दिवसांनी मोटारसायकलवर एक मंडपवाला आला,
साहेबराव भुतेकर. मागं गाठोडं,
तिच्याच दोऱ्यांनी बांधलेलं,
घडी अशी की चारी कोपरे जुळलेले.
"ज्वारीत पडली होती. बाभळीनं फाडली वितभर,
मी टाके घातलेत.
कापड झ्याक आहे, पण कनातीला उपयोग नाही,
लई चुळबूळ करतं."
चहा घेतला. पैसे म्हटल्यावर उठलाच.

ते टाके कनातीचे, बोटबोट लांब.
एकेक उसवला. फेकवेनात म्हणून
ते धागे अजून डब्यात आहेत, बटणांखाली.

सहावी फेरी धरायची का, यावर रात्री वाद.
कॅमेऱ्यात पुन्हा पुन्हा बघितलं:
नाझनीनचा अंगठा दोरीला लागतोय, नाही लागत.
"पाचच," किरणबाला म्हणाली.
"साडेपाच," नाझनीन, तोंडात दुसरी भाकर.
बिराजदार ताटातल्या मिरचीचं देठ काढत बसला.

आज धूर सरळ आहे.
लाल छत्रीवर माझी दुहेरी शिवण,
खालून दिसत नाही, दिसायचीही नाही.
चौथी फेरी. पाचवी.
मी चार टाचण्या दातांत धरते,
म्हणजे पुढचा आकडा तोंडातून निघायला नको.