बारा तारखेची सही

मिश्कोल्त्समध्ये पेन्शन अजून घरपोच देतात,
म्हणजे मी देते.
तिसरा मजला, लिफ्ट बंद,
गुडघे माझेही साठीला टेकलेले.

पूर्वी पिरोश्काबाई दार उघडायच्या.
थुंकी लावून नोटा दोनदा मोजायच्या,
खसखशीच्या रोलचा कडेचा करपका तुकडा माझा.
सही थरथरायची,
‘पी’चं पोट कधी मिटायचंच नाही.

आता भाचा उघडतो.
‘आत्या झोपलीय.’
सही सुबक. पोट घट्ट मिटलेलं.
मी पावती फाडते, पायऱ्या उतरते.

झोपलीय, हे काही खोटं नाही.
ट्रामच्या शेवटच्या थांब्यावर, बाकाच्या आडोशाला,
प्लास्टिकच्या पिशव्यांत पाय घालून.
मुठीत फ्लॅटची किल्ली.
कुलूप बदललं, किल्ली तीच.

चौकीतल्या वहीत चोरीला फुटकी काच लागते,
निदान कुणीतरी ओरडलेलं लागतं.
इथं नुसतं एक अक्षर सुधारलं,
आणि ते फक्त मी पाहिलं.

काल त्यांनी मला ओळखलं.
‘बारा तारीख झाली का गं?’
म्हटलं, अजून नाही.

काल चौदा होती.