फाल्गुनात रेनकोट

सेलूत फाल्गुनात रेनकोट मागितला
तर गफूरभाई आधी हसले. "मिरगाला या की, ताई."
मग शिडी लावून माळ्यावर चढले,
गेल्या सालचा उरलेला निळा
झटकून खाली टाकला. मी भाव केला नाही.

मला नको, प्रणितासाठी. गॉलवेला चाललीय, नर्स म्हणून.
तिथं आत्ता सहा अंश आणि सारखी झिमझिम.
छत्री आणू नकोस, वारा उलटी करतो,
असं आधी गेलेल्या मैत्रिणीनं कळवलंय.

पंखा बंद करून बॅग भरतो,
नाहीतर यादी उडते.
लोकरी मोजे चार. थर्मल दोन.
सुती कमी, भिजलं की वाळत नाही.
वाळत नाही म्हंजे? आई थबकते.
आमच्या गच्चीवर ओढणी टाकून
जिना उतरेस्तोवर तिचा पापड होतो.
"तीन-तीन दिवस, आई."
आई काही बोलली नाही.
नंतर पाहिलं तर मोज्यांखाली
नायलॉनची दोरी, बारा चिमटे.

संध्याकाळी रेनकोट तपासायचा ठरला.
नळ येऊन आठवा दिवस. एक तांब्या, जास्त नाही.
"मोरीत नको," आई म्हणाली,
"कढीपत्त्याच्या आळ्यात उभी ऱ्हा."
उभी राहिली, टोपी ओढून, डोळे मिटून.
मी ओतलं, जमेल तितकं झिमझिम.
पाणी निळ्यावरून घरंगळत
थेट मुळांशी गेलं.

डावा खांदा तेवढा ओला.
उद्या पंक्चरवाल्याकडून ठिगळ लावून आणते.