दोन वाव कमी

रूटर खाली, दारामागे, ओल्या छत्र्यांच्या शेजारी.
ब्राइसचं गेमचं यंत्र वर माळ्यावर, छपराच्या उताराखाली.
मधे ग्रॅनाइटची भिंत, तीन वीत जाड,
सासऱ्यानं बांधलेली, बोटीचे पैसे आले त्या वर्षी.
तिच्यातून माल्पिकाचं वादळ आत येत नाही,
वायफाय काय येणार?

सुपरमार्केटातलं एक पांढरं डबडं लावून पाहिलं
जिन्याच्या वळणावर.
त्याचा दिवा लाल झाला आणि तसाच बसून राहिला,
मानपान चुकलेल्या पाहुण्यासारखा.

दर रविवारी वरून आरडाओरड:
"बाबा, अडकलास! बाबा, परत अडकलास!"
एलादिओ असतो ल्यूडेरिट्झला, आफ्रिकेच्या पार खालच्या अंगाला,
मासे गोठवायच्या कारखान्यात यंत्रं सांभाळत.
दोघं पडद्यावर फुटबॉल खेळतात.
चेंडू हवेत थांबतो.
मग एकदम जाळ्यात असतो.
कसा गेला, कुणाच्या हातून सुटला,
मधलं काही दिसतच नाही.
ब्राइस जिंकतो. नेहमीच.

शनिवारी घरातली जुनी वायर जिन्याला लावून पाहिली.
धक्क्यावर दोर मोजते तशीच, हात पसरून मोजली:
दोन वाव कमी.
रोसेन्दोच्या दुकानातून तुकडा आणला,
दोन तोंडांचा एक जोड,
पारदर्शक टोप्यांची पिशवी, दहाची,
आणि त्याची स्वतःची पक्कड, सोमवारी परत द्यायच्या बोलीवर.
"समुद्रात टाकणार की काय?" शेजारची साबेला खिदळली.

सत्तावीस वर्षं मी जाळी सांधते.
कुठला डोळा तुटलाय ते बोटांनाच कळतं.
या वायरीला मात्र चष्मा काढावा लागला.
वरचं साल सोललं तर आत आठ जणी,
दोघी-दोघी एकमेकींना पीळ घालून,
कुणी वेगळं करू नये म्हणून जणू.
त्यांना सोडवायचं, सरळ करायचं, ओळीत उभं करायचं:
नारिंगी पट्ट्याची, नारिंगी, हिरव्या पट्ट्याची,
मग निळी.
इथे मधेच निळी का, ते रोसेन्दोलाही ठाऊक नव्हतं.

पहिल्या खेपेला दिवा लागला नाही.
नारिंगी उंबऱ्याशीच थांबली होती, आत शिरलीच नव्हती.
मी टोकच कापून टाकलं.
जाळ्याला असं कापता येत नाही,
तिथे एकेका गाठीचा हिशेब लागतो.
इथे पिशवीत अजून नऊ टोप्या.

मग वायर चढवली, पायरीपायरीला खिळा मारत,
जुन्या अँटेनाच्या भोकातून वर.
हिरवा दिवा. लुकलुक.

रविवारी मी पहिल्यांदाच वर जाऊन बसले, पलंगाच्या कडेला.
चेंडू थांबला नाही.
पायाकडून पायाकडे, गवतावरून, सावलीसकट.
आणि मला दिसलं:
एलादिओचा गोलरक्षक बाजूला सरतो.
चुकून नाही.
कुणाला घरात घेताना माणूस दारातून सरतो, तसा.
दुसऱ्या गोललाही. तिसऱ्यालाही.

ब्राइसचे अंगठे थांबले.
तेरा वर्षांचं पोर, मान वळवून माझ्याकडे पाहिलंन् त्यानं,
मी खिळ्यांच्या डबीकडे पाहिलं.

"काय रे, अडकलास?" एलादिओनं विचारलं,
इतक्या जवळून की मी दाराकडे वळले.
"नाही," ब्राइस म्हणाला. "वायर लावलीय आईनं.
सगळं दिसतंय."
तिकडे काही क्षण कोणीच बोललं नाही,
आणि ती शांतता वायरीमुळे नव्हती.
"आता नीट खेळ," ब्राइस म्हणाला.

सहा–तीन हरला.
कान लाल करून खाली आला, दोन वाट्या सूप प्यायला,
आणि पाव पुसत म्हणाला, तो उजवीकडून फसवतो,
पुढच्या रविवारी बघतोच त्याला.

पक्कड मी सोमवारी परत केली.